डांबरगोळ्यांचं उच्चाटन

माणसाचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्याच घरात, त्याच्याच मोरीत, रंगीत बाटलीत बसलेला असतो. हे वाक्य माझं नाही. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘विषमुक्त घर’ या विषयावर एका बाईंचं व्याख्यान झालं, त्यातलं आहे. बाईंनी ते उच्चारलं तेव्हा मी बटाटेवड्यांच्या सर्वांत जवळची खुर्ची धरून बसलो होतो. आधी सेक्रेटरी नाडकर्णींनी बाईंना शाल, श्रीफळ आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ दिला. मंचावर उदबत्त्यांचा एवढा धूर होता की शुद्ध हवेचं महत्त्व सांगताना बाईंना खोकल्याची उबळ आली. मी असल्या सोहळ्यांकडे तिरक्या नजरेनं पाहणारा माणूस. बँकेत उभी हयात साहेबांची भाषणं ऐकल्यामुळे माझ्यावर भाषण चढत नाही, असा माझा समज होता.

घरी पोचेपर्यंत तो समज उरला नव्हता. (वडे मात्र झकास होते!)

“माधवी, फिनेल कुठंय?” चपला काढायच्या आधीच मी बायकोला विचारलं.

“का? पितोयस?”

“फेकतोय.”

आणि मग मी सुटलो. फिनेल गेलं, संडासात ओतायचं ॲसिड गेलं, डासांची कॉइल गेली, गुलाबाचा नसलेला गुलाबी वास मारणारा फवारा गेला. जाताना प्रत्येक बाटलीमागची बारीक अक्षरं मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. माधवी शांतपणे भाजी निवडत होती.

“आणि तुझा कलप?” तिनं विचारलं.

“त्याचा अभ्यास चालू आहे,” मी म्हणालो.

मोरी झाली, स्वयंपाकघर झालं, आणि मी आईच्या कपाटासमोर येऊन उभा राहिलो.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचं लोखंडी कपाट अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पलंगाच्या पायथ्याशी तसंच होतं. अप्पा मूळचे कुडाळकडचे, जन्मभर गिरणीत राबलेले, लालबागच्या चाळीतून आमच्याबरोबर बोरिवलीला आलेले. कपाटात आईच्या ठेवणीतल्या साड्या, आणि प्रत्येक साडीच्या घडीत डांबरगोळ्या. लहानपणी तो वास आला की समजायचं, कुणाचंतरी लग्न आहे. आधी वास दारात यायचा, मग आई दिसायची. आजही कुठल्या हॉलमध्ये एखादी बाई ठेवणीतली साडी नेसून शेजारून गेली तर मी, वय विसरून, मान वळवतो. (माधवीचा याबाबत गैरसमज आहे.)

अप्पा रोज दुपारी ते कपाट उघडायचे. “हवा लागायला हवी साड्यांना,” म्हणायचे, आणि हवा लागेपर्यंत तिथेच डोळे मिटून बसायचे.

मी गोळ्या वेचायला लागलो तसे ते पलंगावर उठून बसले.

“काय रे, काय करतोस?”

“अप्पा, ह्या गोळ्या घातक असतात. तुम्ही रात्रंदिवस ह्या खोलीत झोपता.”

“वास जाईल ना पण.”

“जायलाच हवा! तोच तर वाईट.”

“तिचा वास आहे तो,” अप्पा म्हणाले.

“तो आईचा नाही, नॅफ्थलीनचा वास आहे,” मी म्हणालो. व्याख्यान ऐकून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

अप्पांनी एवढंच विचारलं, “साड्यांत मुरलाय तेवढा तरी राहील ना काही दिवस?”

“राहील, राहील,” मी म्हणालो आणि गोळ्यांऐवजी लवंगांच्या पुरचुंड्या ठेवल्या. माधवी म्हणाली, “सासूबाईंचा आता पुलाव होणार.”

आता लादी पुसायला काहीतरी हवं होतं. त्याचीही कृती बाईंनी सांगितली होती. संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी बाटलीत भरायचं, महिने-दोन महिने आंबवायचं, की झालं घरगुती फिनेल. बाटली अंधाऱ्या जागी ठेवायची आणि रोज झाकण उघडून आतला वायू सोडायचा. मुंबईच्या वन बीएचकेत अंधारी जागा मिळते, पण तिथे आधीच कुणीतरी झोपलेलं असतं. खरा अंधार फक्त आईच्या कपाटात होता. मी सर्वांत खालच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, दोन मोठ्या बाटल्या ठेवल्या. घट्ट बूच लावून!

पहिले काही दिवस मी देवाला दिवा लावावा तसा रोज झाकण उघडायला जात होतो. पण माझे संकल्प आठवडाभरात निवृत्ती घेतात. प्राणायामाचं तेच झालं, जर्मन भाषेचं तेच झालं, वायूचंही तेच झालं.

एका रविवारी जेवून आम्ही आडवे झालो होतो आणि आतल्या खोलीत धडाम् झालं! मागोमाग दुसरं धडाम्! कपाटाचं दार फाडकन उघडलं, आणि अप्पा पलंगावर ताठ बसलेले, डोक्यावर संत्र्याचं साल!

“अप्पा! लागलं का कुठे?”

“माका काय झाला नाय,” अप्पा म्हणाले. “साड्या बघ. आधी साड्या बघ.”

तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन. “साब, सिलिंडर फटा क्या?” मी “नही, संतरा फटा” म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानं लगेच सेक्रेटरींना कळवलं असावं, कारण नाडकर्णी लुंगीवरच धावत आले आणि दारात थबकले. नाक फेंदारून त्यांनी दोनदा वास घेतला.

“तुम्ही घरात... गाळता?”

“फिनेल आहे हो ते!”

“गुळाचं?”

“तुमच्याच व्याख्यानातलं!”

“आम्ही फक्त शाल दिली,” नाडकर्णी म्हणाले आणि आले तसे गेले. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावर लिफ्टमधून तीन अनोळखी माणसं उगाचच उतरून गेली.

आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. गुळाचं आंबलेलं पाणी घडीघडीत शिरलं होतं. अप्पा जमिनीवर बसून एकेका साडीतून सालं वेचत होते, भातातले खडे काढावेत तशी. प्रत्येक साडी नाकाशी नेत होते आणि बाजूला ठेवत होते. मी शेजारी बसलो. पदर पुसायला गेलो तर म्हणाले, “तू राहू दे.”

मालाडहून शालूमावशीला बोलावलं. ही आईची धाकटी बहीण, रेशमी साड्यांमधली जाणकार. रिक्षातून उतरली तीच ओरडत.

“मेल्या, आवशीच्या कपाटात बॉम्ब लावलंस?”

साबणाची पावडर मी आधीच हद्दपार केली होती, म्हणून रिठ्याच्या पाण्यात मावशीनं आणि माधवीनं साड्या हलक्या हातानं धुतल्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोऱ्या बांधल्या. आईच्या सगळ्या साड्या एकदम वाऱ्यावर हलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. जांभळी माझ्या मुंजीतली. मोरपंखी काकाच्या लग्नातली. आई एकदम पुष्कळ ठिकाणी उभी आहे असं वाटलं, आणि कुठेच नाही असंही.

अप्पा खुर्चीवर बसले होते. त्यांनी मोरपंखी साडीचा पदर ओढून घेतला, वास घेतला आणि सोडून दिला.

“गेला,” ते म्हणाले.

मावशी चिमटे लावता लावता थांबली. “भावजी, खरा सांगू? तो वास गेलो ता बरा झाला. आक्काक तो सोसायचोच नाय. कपाट उघडल्यान काय तिचा डोक्या उठायचा!”

“माका ठावक आसा,” अप्पा म्हणाले.

मी चाट पडलो. “तुम्हाला ठाऊक होतं? मग त्या गोळ्या घालत कोण होतं?”

“मीच.”

“अप्पा!”

“तुला काय कळणार,” अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. “तुला लग्न झाल्यापासून वेगळी खोली. आमची चाळीतली खोली दहा बाय बाराची. आईबाप, दोन भाऊ, आत्या, आणि आम्ही. बायकोशी बोलायचं म्हणजे सभेत बोलल्यासारखं. पण लग्नाला गेलं की त्या वासानं तिचं डोकं उठायचं. मी म्हणायचो, हिला घरी नेतो, तुम्ही सगळे सावकाश जेवून या. मग आम्ही दोघंच चालत निघायचो. मोकळ्यावर आलं की ती म्हणायची, आता बरं वाटतंय. मी म्हणायचो, हळू चाल, एवढ्यात बरं वाटू देऊ नको.”

मावशीनं तोंडाला पदर लावला.

“आईला माहीत होतं? तुम्ही मुद्दाम घालता ते?”

“माहीत नसतं तर तिनंच काढून फेकल्या नसत्या?”

वाऱ्यानं जांभळी साडी फुगली आणि पुन्हा खाली आली. सगळं आरोग्यशास्त्र बाजूला ठेवून मी म्हणालो, “अप्पा, आणू का परत? एकच पुडी. कपाटाच्या अगदी मागे ठेवू.”

“नको,” अप्पा म्हणाले. “आता कुणाला घेऊन लवकर निघायचंय?”

साड्या वाळेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मावशी आणि माधवी चहा करायला खाली गेल्या, मागोमाग मीही निघालो. जिना उतरताना उगाच डोक्यात हिशेब सुरू झाला. आमच्याकडची लग्नं बहुतेक मे महिन्यात व्हायची. तिथून मी बोटांवर नऊ महिने मोजले. फेब्रुवारी आला.

माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो.