टर्बोच्या वाटेतला कापूस

नवरा गेला तेव्हा त्याची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. इंजिनात जादा हवा कोंबणारी जुनी टर्बो काढून झाली होती. नवी, मोठी टर्बो माझ्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटाखाली ठेवलेली होती. दिवसभर बोथ गावातली कचेरी आणि संध्याकाळी गाडी, असा त्याचा क्रम. मी शाळेत मराठी शिकवते. संध्याकाळी शेजारी बसून वाचायचे आणि तो मागेल तो पाना त्याच्या हातात द्यायचे.

धाकटा दीर कापसाची शेती करतो. महिन्याभरातच तो आला.

"वैनी, नागपूरचा एक जन गाडी घेतो म्हनून राह्यला. गंजवून काऊन ठेवता?"

"वर्षश्राद्धापर्यंत थांबा, भाऊजी. तोवर ती रस्त्यावर नीट चालली नाही तर खुशाल द्या."

"चालवन कोन? तुमी? शाळेतला धडा हाय का थो?"

"तसंच समजा," मी म्हणाले.

आणि तसंच केलं. गाडीचं जाड पुस्तक आणि नवऱ्याची वही समोर ठेवली. एक प्रकरण तीनदा वाचायचं, मगच हात घालायचा. टर्बो बसवली. कोरडी फिरली तर ती पहिल्याच दिवशी खराब होते, म्हणून पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून, तेल वरपर्यंत पोचेस्तोवर इंजिन नुसतं फिरवलं. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर नवऱ्याने बंपरमागे आधीच बसवला होता. त्याचा एक पाइपही त्याने स्वतः जोडला होता. बाकीचे मी जोडले.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले असताना गाडी सुरू झाली. दीर मुद्दाम पाहायला आला. उभ्या जागी इंजिन छान घुमत होतं, पण रस्त्यावर पाय दाबला की गाडी गुदमरायची.

"आवाज वाघाचा अन् चाल म्हशीची," दीर म्हणाला. "लावू फोन नागपूरवाल्याले?"

"रविवारपर्यंत थांबा."

मी घाबरले नव्हते. इंजिनाला हवा पुरत नाही, एवढं स्पष्ट होतं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेही बुडबुडा नाही. म्हणजे हवा गळत नव्हती, अडत होती.

आमच्याकडे तोंड उघडं असलेल्या कुठल्याही वस्तूला घरच्या कापसाचा बोळा लावतात, मग ती तेलाची बाटली असो की फवारणीची नळी. नवराही पाइपांना बोळे लावायचा, आत कुंभारमाशीने घर करू नये म्हणून. माझ्या वाट्याच्या पाइपांमधले बोळे मी आठवणीने काढले होते. त्याने जोडलेला पाइप मात्र उघडला नव्हता. पुस्तकात प्रत्येक जोड तपासा असं लिहिलं होतं, तरीही. तो त्याच्या हातचा शेवटचा जोड होता. तो सैल करायला माझा हात धजला नव्हता.

शनिवारी शाळेतून आल्यावर मी बंपर उतरवला आणि तो जोड उघडला. मोजमाप पाहायला म्हणून त्याने पाइप तात्पुरता बसवला असणार. बोळा इंटरकूलरच्या तोंडाशी गच्च बसला होता, तेलाने काळा झालेला. पिंजून पाहिला तर आत एक सरकीही होती. मी थोडा वेळ तो हातात धरून बसले. मग पाइप पुन्हा बसवला आणि क्लॅम्प माझ्या हाताने आवळला.

रविवारी दिराला शेजारी बसवलं आणि इचोड्याच्या रस्त्याला लागले. ट्रक मागे पडले, पुढे रस्ता मोकळा झाला, तेव्हा पाय दाबला. टर्बोची बारीक शीळ आली आणि गाडीने आम्हां दोघांना सीटमध्ये मागे रेटलं.

"वैनी, हळू! मले लेकरंबाळं हायेत!"

मी वेग कमी केला. इचोड्याला धाब्यावर चहा आला. मग दिराने खिशातून फोन काढला आणि नागपूरला लावला.

"हॅलो, हव. थे लाल गाडी. नाई, इकाची नाई आता. घरचंच मानूस चालवून राह्यलं."