सरासरीने मेलेला साप

“काकू, साप मेलाय. फक्त तुमची सही राहिलीय.”

केदारने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्क्रीनवर फणा काढलेल्या नागाचं चित्र होतं आणि नागाच्या डोक्यावर, बरोब्बर मधोमध, एक लाल ठिपका. खाली हिरव्या अक्षरांत ‘पास’.

केदारला सही हवी असली की मी ‘काकू’ असते. एरवी ‘मॅडम’. माझं म्हणणं गैरसोयीचं झालं की ‘ओल्ड स्कूल’.

माझी सगळी नोकरी सरकारी कारखान्यात काडतुसं तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या घरी कढीपत्त्याला पाणी घालत बसायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हा पुण्याचा मुलगा आला. आधी मारतहळ्ळीला सॉफ्टवेअरमध्ये होता, तिथून थेट काडतुसांत. यशवंतपूरला एका शेडमध्ये त्याने स्टार्टअप काढला होता. लायसन्स रीतसर होतं, टेस्ट रेंज होती, कॉफी मशीन तर फारच चांगलं होतं. काडतुसं कळणारा माणूस तेवढा नव्हता, म्हणून मला कन्सल्टंट केलं.

प्रॉडक्ट होतं सापासाठीचं रिव्हॉल्वर काडतूस. साध्या काडतुसात एक गोळी असते. सळसळणाऱ्या सापाच्या डोक्यावर एक गोळी बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून गोळीऐवजी बारीक छरे भरायचे. चाप एकदा ओढायचा, दाणे पुष्कळ. साप, घुशी, उंदीर, सगळ्यांवर एकच उपाय, असं स्लाइडवर लिहिलं होतं.

सॅम्पल आम्ही हातानेच भरायचो. याला हँडलोडिंग म्हणतात. रिकामी पुंगळी, तळाला ठिणगी पाडणारी टोपी, वर दारू, त्यावर छरे आणि शेवटी झाकण. ऐकायला लाडू वळण्याइतकं सोपं वाटतं. घरी कुणी करू नये. कायद्याने गुन्हा आहे, पोलीस येतील, आणि पोलिसांच्या आधी बहुधा अँब्युलन्स येईल.

“मूळ कागद दाखव,” मी म्हटलं.

“पीडीएफ आहे ना.”

“ज्यावर गोळी झाडली तो कागद, केदार.”

कागद टाकून दिला होता. शोधून आणला. त्यावर छऱ्यांचं सुरेख गोल कडं उमटलं होतं, रांगोळीसारखं. आणि मध्ये बशी ठेवता येईल एवढी कोरी जागा. तिथे एकही छरा नव्हता. नागाचं डोकं नेमकं तिथे होतं.

याचं कारण साधं आहे. रिव्हॉल्वरच्या नळीत आतून पिळाचे चर कोरलेले असतात. गोळी त्यातून गरगरत निघते आणि म्हणून सरळ जाते. छऱ्यांनाही तोच पीळ बसतो, पण ते पडले सुटे. बाहेर आले की कडेला पांगतात. झाकण न लावता मिक्सर सुरू केला की चटणी सगळ्या भिंतींवर जाते, तसं. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिथे ही भानगड नाही. रिव्हॉल्वरमध्ये मात्र जितका नेम चांगला, तितका साप सुखरूप.

मग लाल ठिपका कुठून आला? केदारच्या ॲपने प्रत्येक छरा कुठे लागला ते टिपलं होतं आणि सगळ्यांची सरासरी काढली होती. डावीकडच्यांनी उजवीकडच्यांना खोडलं, वरच्यांनी खालच्यांना. सरासरी आली मधोमध, जिथे काहीच लागलं नव्हतं.

“पण ऑन ॲन ॲव्हरेज मेला ना?” केदार म्हणाला.

“सरासरी काढली तर या शेडमधल्या प्रत्येकाला काडतुसांतलं थोडं थोडं कळतं,” मी म्हटलं.

तो हसला नाही. “काकू, उद्या क्लायंट येतायत. हा बग नाही, नोन इश्यू आहे. व्हर्जन टूमध्ये घेऊ.”

“व्हर्जन वन वापरणारा माणूस व्हर्जन टूपर्यंत जगायला हवा.”

“तुम्ही फार ओल्ड स्कूल आहात.”

मी सही केली नाही.

क्लायंट म्हणजे कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, एका कॉफीच्या मळ्याच्या मालकीण, कावेरम्मा. सोबत त्यांचा मॅनेजर पोन्नप्पा, उंच आणि अबोल. केदारचं कन्नड ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’, म्हणजे ‘जरा जमवून घ्या’, याच्या पुढे जात नसल्यामुळे तो इंग्रजीत स्लाइड्स दाखवत बसला. मी लहानपणापासून इथली. कावेरम्मा माझ्याशी कन्नडमध्ये बोलू लागल्या आणि बोलता बोलता मी ‘अक्का’ झाले.

“गेल्या पावसाळ्यात आमची एक बाई गेली, अक्का,” त्या म्हणाल्या. “सरपण काढायला वाकली होती, नाग चावला. हॉस्पिटल लांब. वाटेतच गेली. तिची मुलगी आता माझ्या घरी आहे. यापुढे सरपणात हात घालायच्या आधी पोन्नप्पा बघणार. हे त्याच्या हातात द्यायचंय.”

मी पोन्नप्पाकडे पाहिलं. हा माणूस आमच्या हिरव्या ‘पास’वर विश्वास ठेवून नागासमोर जाऊन उभा राहणार होता. मला केदारचा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. पण रंगीत डॅशबोर्डसमोर माझ्यासारख्या बाईचं तोंडी म्हणणं किती टिकतं, हे मला नोकरीत पुरेसं कळलेलं होतं. म्हणून मी येताना खेळण्यांच्या दुकानातून रबराचा साप आणि होळीचे फुगे आणले होते. सापाचं डोकं कापलं आणि त्या जागी पाण्याने भरलेला लिंबाएवढा फुगा बांधला.

“मॅडम, हे ब्रँडिंगला शोभत नाही,” केदार कानाशी कुजबुजला.

“फुगा फुटला तर मी आत्ता सही करते,” मी मोठ्याने म्हटलं. मग त्याला नाही म्हणता येईना.

पोन्नप्पाच्या हातात रिव्हॉल्वर दिलं. हात असा स्थिर, की बघत राहावं. आवाज झाला, मागच्या कागदावर सुंदर कडं उमटलं. फुगा जागच्या जागी. त्याने परत झाडली. परत कडं. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखून, सावकाश चाप ओढला. फुग्याला ओरखडा नाही.

पोन्नप्पाचा चेहरा पडला. “माझा नेम बिघडला वाटतं,” तो मालकिणीला म्हणाला. इतका चांगला नेमबाज स्वतःलाच दोष देतोय हे मला बघवेना. मी कागद काढून आणला, बशीएवढी कोरी जागा दोघांना दाखवली आणि मिक्सरच्या चटणीसकट सगळं समजावलं.

“वन मिनिट,” केदार उठला. “युजर एररही असू शकते. मी दाखवतो.”

लायसन्ससाठी सक्तीचं ट्रेनिंग त्याने केलं होतं, त्यामुळे अडवता येईना. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले. त्याने हात लांब केला, मान फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि चाप असा खेचला जणू लिफ्टचं अडकलेलं दार ओढतोय. नळी डावीकडे गेली. कडंही डावीकडे सरकलं आणि त्याची कड फुग्यावर आली.

फुगा फुटला. पाणी उडालं.

“येस!” केदार ओरडला. “बघा! वर्क करतंय!”

माझी मात्र पंचाईत झाली. शास्त्र माझ्या बाजूला आणि पाणी जमिनीवर. मी काही बोलणार तेवढ्यात कावेरम्मांनी हात वर केला. त्यांनी फुटक्या फुग्याकडे पाहिलं, पोन्नप्पाकडे पाहिलं, मग शांतपणे केदारकडे वळल्या.

“ओके,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मग पोन्नप्पाला हे नको. साप निघाला की मी तुम्हाला फोन करते. तुम्ही बेंगळुरूहून या आणि डोळे मिटून उभे राहा. तोवर सापाला थांबायला सांगते.”

पोन्नप्पा पहिल्यांदाच हसला.

निघताना त्यांनी मला विचारलं, मग करायचं काय? मी म्हटलं, सगळ्यांना गमबूट आणि टॉर्च द्या. सरपण आधी लांब काठीने हलवा. साप पकडणाऱ्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि जीपमध्ये डिझेल कायम भरलेलं ठेवा. कावेरम्मांनी पोन्नप्पाकडून ते दोनदा वदवून घेतलं.

केदार खचला नाही. स्टार्टअपवाल्यांची जात खचत नाही. नाग मारणं मुळात कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला पुढच्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं. लगेच नवं ब्रोशर आलं: ‘सर्पस्नेही काडतूस. सापाला इजा नाही. पूर्णपणे कायदेशीर.’ मी त्यात ‘नेम नीट धरल्यास’ एवढे शब्द घालायला सांगितले. त्याने घातले नाहीत, मी कन्सल्टन्सी सोडली.

यंदाच्या पावसात कावेरम्मांचा फोन आला. सरपणात नाग निघाला होता. पोन्नप्पाने काठीने ओंडका हलवला तेव्हा नागाने दंश केला, तो बुटाच्या रबरावर. साप पकडणारा येऊन नागाला रानात सोडून आला. पोन्नप्पा त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन जेवला.

सरासरी रिपोर्टात शोभते. सापासमोर माणूस एकटाच उभा असतो.