उपाशीपोटी गोल्फ

सोलापुरात आमच्या गल्लीला नळ एकच होता आणि पाणी यायचं ते त्याच्या मर्जीने. आई विड्या वळायची, वडील डाळमिलमध्ये पोती उचलायचे, म्हणून नंबर लावायचं काम माझ्याकडे. नंबर लावायचा म्हणजे हंडा ठेवायचा. हंडा घरात लागत असेल तर बादली, बादली गळत असेल तर फुटका तांब्या, आणि तोही नसेल तर एक वीट. ती वीट म्हणजे आम्ही. कुणी ती मागे सरकवली की आई मांडीवरचं सूप खाली ठेवून बाहेर यायची, आणि मग गल्लीत दुसरं काही ऐकू यायचं नाही.

त्या विटेशेजारी बसून मी बारावी केली आणि पुढे बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. आईने डिग्रीला काच लावून घेतली आणि ती विडीच्या पानांच्या वर, भिंतीवर टांगली. त्या डिग्रीला तंबाखूचा वास अजून येतो.

लग्न झालं ते सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याशी. बँक त्याची बदली करते आणि माझी नोकरी जाते, असा आमचा संसार. नाशिकला शाळेच्या ऑफिसात बसले, रायपूरला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. जरा खुर्ची ऊबदार झाली की नवरा ऑर्डर घेऊन घरी यायचा. अशा रीतीने आम्ही कोलकात्याला आलो, न्यू टाउनमध्ये फ्लॅट घेतला, आणि घराजवळच्याच एका इमारतीत मला मॅनेजरची नोकरी लागली. आधी कारकून होते, मदतनीस होते. मॅनेजर पहिल्यांदाच. नोकरी होती घरात बसून गोल्फ खेळायच्या ठिकाणी.

फोनवर आईला ते समजावताना माझी डिग्री पणाला लागली.

"एक मोठा पडदा असतो आई. त्यावर मैदान दिसतं. माणूस खरी काठी घेऊन खरा चेंडू पडद्यावर मारतो, आणि चेंडू किती लांब गेला असता ते मशीन सांगतं."

"गेला असता म्हणजे? जात नाही?"

"नाही. पडद्याला लागून खाली पडतो."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"तासावर देतात."

मग म्हणाली, "बरं. पण मॅनेजर तूच ना?" मी हो म्हटल्यावर तिने ते गल्लीभर सांगून टाकलं. गोल्फचं सांगितलं नाही. 'मशीनवर मॅनेजर आहे' एवढंच सांगितलं.

मालक चहाच्या कंपनीतून निवृत्त झालेले बंगाली गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही. ते मला मॅडम म्हणत. दादांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. फोन आला की म्हणायचे, "अरे, या ना, या!" शनिवारी संध्याकाळी कुणीही फोन करो, "या ना, या!" मशीन दोन, आणि शनिवारी आलेली मंडळी लग्नाला आल्यासारखी. त्यातले जुने लोक आत शिरता शिरता आपला हातमोजा मशीनसमोरच्या गालिच्यावर टाकायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. मोजा पडला की मशीन त्यांचं. मला कुणी सांगावं लागलं नाही. मी वीट ओळखते.

भांडणं वाढली, नवी माणसं एकदा येऊन परत येईनात. एक दिवस दादांनी मला समोर बसवलं. आमच्यात हिंदी चालायचं, मध्ये मध्ये त्यांचं बंगाली.

"मॅडम, दुर्गापूजेच्या आधी या जागेचा करार संपतोय. तोवर इथे शिस्त दिसली तर नवा करार करतो. नाहीतर मशीनं विकून मी मोकळा. बुकिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही निवडा. तुम्ही ग्रॅज्युएट आहात."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे या वेळी माझ्या बदलीआधी तुझी नोकरी जाणार?" मी त्याला त्या दिवशी कालची भाजी वाढली.

पहिलं सॉफ्टवेअर परदेशी होतं, खास गोल्फसाठीच बनवलेलं. कंपनीच्या पोराने ते मला कॉम्प्युटरवर दाखवलं तेव्हा माझे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. गिऱ्हाईक थोडं उशिरा आलं तर बुकिंग आपोआप रद्द. तास संपला की पडदा आपोआप काळा. भांडायला समोर माणूसच नाही. असलं काही नळाला बसवलं असतं तर माझ्या आईचा घसा शाबूत राहिला असता. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

पहिल्याच शनिवारी अख्खं कोलकाता उशिरा आलं. कुणाच्या रस्त्यात मिरवणूक, कुणाकडे पाहुणे, एक जण तर सरळ म्हणाले, "जेवून जरा आडवा झालो होतो." सॉफ्टवेअरने सगळ्यांना रद्द केलं. आत दोन्ही मशीनं रिकामी, बाहेर सोफा भरलेला, आणि मध्ये मी.

वेळेवर आले ते दोघंच, त्यातले पहिले जेठू. निवृत्त प्राध्यापक, डोक्यावर केस नाही, तोंडात तक्रार. बंगालीत थोरल्या काकांना जेठू म्हणतात आणि ते सगळ्यांचेच थोरले काका होते. त्यांनी तासाच्या अगदी शेवटी काठी फिरवली, चेंडू पडद्यावर आदळला, मैदानावरून वर वर गेला, आणि पडदा काळा झाला.

जेठू काठी खांद्यावर तशीच धरून माझ्याकडे वळले.

"माझा चेंडू कुठे आहे?"

"तास संपला, जेठू."

"तास संपला. चेंडू कुठे आहे?"

"सॉफ्टवेअरने बंद केलं ना सगळं..."

"म्हणजे तो अजून हवेत आहे?"

हिशेबाने होताच तो हवेत.

"ठीक आहे," असं म्हणून जेठूंनी स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसले. "तो खाली आल्याशिवाय मी उठत नाही."

चहा मागवला गेला. त्यांच्यानंतरच्या गिऱ्हाइकाने आपलं स्टूल त्यांच्याशेजारी ओढलं, आणि दोघांनी मिळून, वारा कुठला होता हे धरून, चेंडू तळ्यात पडला असणार असं ठरवलं. तेवढ्यात त्या गिऱ्हाइकाचाही तास संपला आणि न उजळलेला पडदा पुन्हा एकदा काळा झाला.

दादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या महाराष्ट्रात लोक घड्याळ लावून हसतात का हो?"

पुढच्या आठवड्यात निम्मी माणसं आलीच नाहीत. मी ते सॉफ्टवेअर बंद केलं.

दुसरं होतं केशकर्तनालयांसाठी बनवलेलं. विकायला आलेली मुलगी म्हणाली, "हेअरकट आहे तिथे गोल्फ करून टाकू, मॅडम, बाकी सेम." नमुना म्हणून तिने गिऱ्हाइकांच्या यादीतल्या पहिल्या नावाला मेसेज पाठवला. यादीत पहिले जेठू. त्यांना विचारणा गेली की या खेपेला केस रंगवायचे की नुसते सरळ करायचे. त्यांनी मला फोन करून शांतपणे सांगितलं की निर्णय घ्यायला त्यांना थोडा वेळ हवा आहे. मी मुलीला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

आमच्या इमारतीसमोर एव्हाना पूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. रोज सकाळी मी बांबूंकडे बघत कामावर जायची. मांडव चढत होता आणि माझी खुर्ची उतरत होती.

तिसरं सॉफ्टवेअर शोधत मी एस्प्लनेडला बस बदलून बेहालाला गेले. एका औषधाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत एक गृहस्थ एकटेच सॉफ्टवेअर बनवत. त्यांचं सॉफ्टवेअर डॉक्टरांसाठी होतं. कोलकात्यात बरेच डॉक्टर औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसतात. आपण सकाळी फोन करून नाव लिहून ठेवायचं, नंबर मिळतो. डॉक्टर येतील तेव्हा येतील. तोवर लोक नंबर घेऊन बाकड्यावर बसतात आणि एकमेकांचे आजार तोंडपाठ करतात.

मी सगळं पाहिलं आणि म्हटलं, "यात वेळच कुठे लिहिलेली नाही."

"वेळ तर डॉक्टरांकडेही नसते, दिदी. तरी सगळ्यांचा नंबर लागतो."

मला ते मुळीच पटलं नाही. पण बांबू डोळ्यांसमोर होते. म्हटलं, करा सुरू. त्यांनी माझ्यासमोर शब्द बदलले. पेशंट होता तिथे खेळाडू, डॉक्टर होते तिथे मशीन. मेसेज बंगालीत जात. मला बंगाली बोललेलं कळतं, वाचायचं म्हटलं तर दुकानाच्या पाटीइतकं. मी आकडे तपासले, ठीक होते, आणि रविवारच्या सकाळसाठी नाव लिहिलेल्या सगळ्यांना मेसेज सोडला.

रविवारी दार उघडते तोच फोन. जेठूंची बायको, म्हणजे जेठीमा.

"तुमच्याकडे आज ह्यांचं काय तपासणार आहेत? साखर की लिव्हर?"

"काही नाही जेठीमा. गोल्फ आहे."

"मग काल संध्याकाळपासून घरात का काही खात नाहीत?"

तेवढ्यात जेठू आले. चेहरा उतरलेला, हातात पाण्याची बाटली. त्यांच्या मागून दुसरे, तिसरे, एक नवं जोडपं, सगळे पाण्याच्या बाटल्या घेऊन. मी जेठूंचा मोबाईल घेतला आणि दादांना वाचायला लावला. त्यांनी मोठ्याने वाचलं: "खेळाडू, आपला नंबर पहिला आहे. मशीन सकाळी बसेल. कृपया उपाशीपोटी यावे. फक्त पाणी चालेल."

सॉफ्टवेअर मी निवडलेलं, मेसेज मी सोडलेला, आणि समोर सोफाभर भुकेले बंगाली. यापेक्षा वाईट काय व्हायचं?

पण मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सगळे आले होते, आणि लवकर आले होते. काळ्या पडद्याला न भिणारी ही माणसं, 'उपाशीपोटी' म्हटल्यावर मुकाट वेळेआधी हजर. कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. असा मेसेज आला की उठायचं, नंबर लवकर लागेल असं बघायचं आणि मग कचोरी खायची, हे इथल्या माणसाच्या अंगात मुरलेलं.

मी माफी मागायला उभी राहिले. "जेठू, चूक झाली, तो मजकूर चुकून..."

"थांबा," जेठू म्हणाले. "माझा नंबर आहे."

त्यांनी काठी फिरवली. चेंडू त्यांच्या आजवरच्या सगळ्या चेंडूंच्या पुढे जाऊन पडला. पडला, सगळ्यांनी पाहिला. मला विचाराल तर त्यांना कचोरीची घाई होती. पण जेठू वळले ते प्राध्यापक होऊन.

"यात चूक काहीच नाही. शास्त्र आहे. रिकामं पोट काठीच्या आड येत नाही."

मग खालच्या दुकानातून कचोऱ्या आणि बटाट्याची भाजी आली. ज्याचं खेळून झालं तो खायला बसायचा, ज्याचं व्हायचं होतं तो वासावर बसायचा. "तीन नंबर!" अशी हाक सोफ्यावरूनच जायची, मला तोंड उघडावं लागलं नाही. कुणाला थोडा वेळ जास्त लागला तर कुणी घड्याळ बघत नव्हतं. आपल्या हातात नंबर आहे आणि तो कुणी सरकवत नाही, एवढं कळलं की माणूस निवांत गप्पा मारतो. गालिच्यावर एकही हातमोजा नव्हता. नळावर आम्ही वेळेसाठी कधी भांडलोच नव्हतो. भांडलो ते नंबरासाठी. मी बी.कॉम. होऊन हे विसरले होते आणि घड्याळं विकत घेत फिरत होते.

त्याच गर्दीत जागेचे मालक आले, कराराचं विचारायला. दादा उठायच्या आत जेठूंनी त्यांना दारातच अडवलं.

"आधी नंबर घ्या."

"मी खेळायला नाही आलो, मी..."

"नंबर घ्या. आणि काही खाऊन तर आला नाहीत ना?"

जागेचे मालक खाऊन आले होते. ते चक्क ओशाळले, नंबर घेऊन सोफ्याच्या कडेला बसले. दादा माझ्याकडे बघत होते. सोफ्याकडे बघत होते. करारावर सही करायला त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मग परत ठेवून दिलं. "मॅडम, त्यांचा नंबर येऊ दे."

बाकी सगळ्या दिवसांच्या मेसेजमधून मी उपासाचं वाक्य काढायला लावलं. रविवारचं काढलं तर जेठूंनी लेखी तक्रार केली, म्हणून तेवढं परत घातलं. आता रविवारच्या सकाळचा नंबर मिळायला लोक आठवडाभर आधी नाव लिहून ठेवतात. दादा अजूनही फोनवर "या ना, या!" म्हणतात, पण पुढे म्हणतात, "मॅडमकडून नंबर घ्या."

आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तिथेही रांगच?"

"रांगच."

"मग तुला काय कठीण!"

पूजेच्या आधी जागेचा करार नवा झाला. बेहालाचं सॉफ्टवेअर कायम राहिलं. दाराच्या काचेवर मॅनेजर म्हणून माझं नाव आहे, आणि त्याखाली बी.कॉम. असं मी लिहायला लावलं.