टाकीची गुळगुळ

पाहुण्याला आपण पाण्याचा पेला देतो आणि तो पितो. आमचे शेजारचे काका अर्धाच प्यायचे. उरलेलं पाणी ते तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्याच फरशीवर ओतायचे, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि ओघळ कुठे जातो ते बघत राहायचे.

"भाऊ, तुमची फरशी मोरीकडे उतरतच नाई. देवघराकडे उतरून राह्यली."

माझी बायको पोछा घेऊन दारात उभी. तिच्याकडे बघून ते निरागसपणे म्हणायचे, "मी नाई म्हणत, सूनबाई. पाण्यालेच विचारलं."

सगळी नोकरी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात गेलेली. निवृत्त झाले, पण पाणी काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. वर्ध्याच्या आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात कोणाचाही कूलर बसवायचा असो, काका न बोलावता हजर. पाना खिशातच.

मग काकूंची एक बाजू लुळी पडली. त्यांचा पलंग समोरच्या खोलीत आला. दिवसभर बघायचं काय, तर छत. काकांनी ठरवलं, हिला मासे दाखवायचे.

पुलगावात एक दवाखाना बंद होत होता. तिथली जुनी काचेची टाकी काकांनी उचलली. मालवाहू ऑटोच्या मागे बसून, टाकीला गोधडी गुंडाळून, तिला दोन्ही हातांनी कवटाळून काका गल्लीत शिरले तेव्हा तुम्ही बघायला हवं होतं. नवरी आणताना माणूस इतका हरखत नसेल.

"मासे कुठं हायत?" काकूंनी पलंगावरून विचारलं.

"आधी पाण्याची सोय. मासे काय, येतीलच."

पाण्याची सोय म्हणजे काय, ते ऐका. टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक. तिथून पाणी पाईपाने खालच्या बादलीत पडायचं. बादलीत स्पंज, गिट्टी, कोळसा. तिथे गाळलेलं पाणी कूलरचा पंप पुन्हा टाकीत चढवायचा. शिवाय घाण पाणी काढायला तळाशी तोटी. तिचा पाईप खिडकीतून बाहेर, थेट गोडनिंबाच्या बुडाशी. झाड असं फोफावलं की सगळ्या गल्लीची फोडणी माशांच्या मेहेरबानीवर चालू लागली. हो, मासेही आले. लाल, गुबगुबीत, काकांसारखेच सतत घाईत.

सगळं झकास होतं. एकच खोट होती, खाली पडणारा पाईप बोलायचा. गुळगुळ, गुळगुळ, मग मोठ्ठा घोट घेतल्यासारखा घळ्ळ.

"आजारी माणसाच्या उशाशी हा आवाज!" काका हळहळले आणि कामाला लागले. पाईप कापले, वळवले, जोडले. आम्ही जावं तेव्हा काका टाकीमागे, दिसायची ती फक्त त्यांची पाठ. काकूंनाही तीच दिसायची. अखेर त्यांनी पाईपाच्या डोक्यावर हवेसाठी बारीक भोक ठेवलं आणि टाकी मुकी झाली.

त्या आनंदात त्यांनी गल्लीला चहाला बोलावलं. कधी असा कार्यक्रम पाहिलाय? आम्ही दहा-बारा माणसं हातात कप धरून, श्वास रोखून, काहीही ऐकू न येणं ऐकत होतो.

काकूंनी मान वळवली. "बंद पडलं काय हो?"

"बंद नाई पडलं! तेच तं! चालू हाय आन् आवाज नाई!"

"हं," काकू म्हणाल्या. टाळ्या आम्ही वाजवल्या.

त्यानंतर काकूंची झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. काही फरक नाही. एकदा मी बसलो असताना काकांनी वैतागून विचारलं, "काऊन झोपत नाई तू?"

काकू सावकाश म्हणाल्या, "ते गुळगुळ होतं तवा वाटे, घरात कोणीतरी जागं हाय माह्यासाठी."

काकांनी पाना उचलला. मग ते उठले आणि पुन्हा टाकीमागे गेले.

पण गेलेला आवाज परत येईना. भोक बुजवलं तर पाईप खोकायचा. उंच केला तर शिट्टी मारायचा.

"हाच काय?"

"नाई. हा तं तुमच्या घोरण्यासारखा हाय."

"आता?"

"आता तुमच्या बहिणीसारखा." काकू हसल्या की अर्धंच तोंड हसायचं, पण डोळे पूर्ण.

महिना गेला असेल. उन्हं तापली, कूलरवरची झाकणं निघाली. काकूंचं जेवण दोन घासांवर आलं होतं. एका सकाळी काकांनी पंप सुरू केला आणि नेहमीसारखं विचारलं, "हाच काय?"

"हाच," काकू म्हणाल्या. "आता हात धुवा आन् बसा माह्यापाशी."

काका बसले. पुढच्या आठवड्यात काकू गेल्या.

तेराव्यानंतर काका माझ्याकडे आले. पेला दिला, तर सगळं पाणी पिऊन टाकलं. फरशीकडे बघितलंसुद्धा नाही.

"खोटं बोलली भाऊ ती. तो आवाज नोव्हता. मले तवाच समजलं." पेला खाली ठेवत म्हणाले, "आधीच बसलो असतो, तं तिले खोटं बोला लागलं नसतं."

मुलगी त्यांना नागपूरला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. टाकी माझ्याकडे आली. मासे एका शाळेला दिले होते, त्यामुळे ती माझ्या व्हरांड्यात रिकामीच पडून होती. परवा हौस आली. पाईप मीच जोडले, अंदाजपंचे. काका इथे असते तर डोक्याला हात लावला असता.

पंप लावला. गुळगुळ, गुळगुळ. घळ्ळ.

मी काकांना फोन लावला. बोललो काहीच नाही, फोन पाईपापाशी धरला. फोन कटला की काय म्हणून मी कानाला लावला.

"हाच," काका म्हणत होते. "काढू नका भाऊ. धरून ठेवा जरा."