त्याच नावाची नाव

जेऊरच्या फलाटावर एक म्हातारा भेटला. बाकड्यावर पाय फाकवून, कड घट्ट धरून बसला होता, जणू खालून लाट येतेय. लढाईच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा म्हणे.

"नाव बुडाली. धाकटा भाऊ तिच्यातच गेला. मग पुन्यांदा तिच्यावरच चढलो की."

"बुडालेल्या नावेवर?"

"नाव बुडाली, नाव न्हाय बुडालं. बोट नवी बांदत्यात, नाव जुनंच. सायबाच्या आज्या-पणज्यापासनं त्या नावाच्या बोटी हायत."

कुठली नाव, कुठलं नाव, माझा पुरता गोंधळ उडाला.

एवढ्यात शेजारी बसलेल्या त्याच्या सुनेनं तान्हं पोर त्याच्या मांडीवर दिलं.

"ह्यालाबी भावाचंच नाव ठिवलंय," तो हळूच म्हणाला. "पर हाक मारायला भ्या वाटतं. ओ कोन देईल?"