नबीसाबच्या रिक्षातली पुढची सीट

जुळे सोलापुरातून सात रस्त्याच्या क्लासला दहावीची पोरं नेणाऱ्या नबीसाबचा मला हेवा वाटतो, आणि हेवा वाटतो म्हणून रागही येतो. घरात तोंड न उघडणारी पोरं यांच्या रिक्षात घडाघडा बोलतात. माझी लेक ऋतुजा सोडून.

बाकीची पोरं सांगतात, रिक्षात कायदा नबीसाबचा. चढताना फोन खारीच्या जुन्या डब्यात टाकायचा. डबा त्यांच्या पायाशी. वाटभर तो आतून गुरगुरतो आणि ते त्यालाच दटावतात, "गप रे!" ड्रायव्हरशेजारची सीट मात्र त्या दिवशी ज्याचं जास्त बिनसलंय त्याला. त्यासाठी सगळ्यांसमोर बोलावं लागतं. 'मूड ऑफ' चालत नाही. 'राग आलाय' म्हटलं की नबीसाब म्हणणार, "राग वरचा हाय. त्याच्या खाली काय हाय, ते बोल की." निकाल पोरं देतात. आदिनाथनं एकदा आजोबांच्या आजारपणावर सीट मागितली. आरजूला मैत्रिणीनं वाढदिवसाला बोलावलं नव्हतं, तरी सीट तिला मिळाली, कारण आजोबा केव्हाच बरे होऊन कट्ट्यावर बसायला लागले होते.

नबीसाब स्वतः काही संत नाहीत. बाइकवाला आडवा आला की शिवी गिळतात आणि कोरड्या काचेवर वायपर चालू करतात. मन भरून आलं तरी वायपरच. भर उन्हात वायपर हलला की पोरं गप्प बसतात.

ऋतुजा डबा चुकवून फोन दप्तरात सरकवायची आणि दप्तरात मान घालून बसायची. नबीसाबना ते दिसायचं, पण ते काही म्हणायचे नाहीत. घरी मी म्हणायचे, आणि भरपूर. फोन हिसकावला, ज्वारीच्या डब्यात लपवला, वायफाय बंद केलं. पोरगी आणखी लांब गेली. ते मला आतून खात होतं.

परवा माझी स्कूटी पंक्चर झाली, म्हणून मीही त्याच रिक्षात चढले. ऋतुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन बघत होते, तोच डबा पुढे आला.

"ताई, टाका."

"अहो, ऑफिसचं काम आहे."

"सगळ्यांचंच कायतरी असतंय की."

टाकला. पुढच्या सीटवरून आदिनाथनं वळून विचारलं, "काकू, तुमचं काय बिनसलंय?"

"राग आलाय."

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "त्याच्या खाली काय हाय?"

आसरा पूल आला. मग तोंडातून निघूनच गेलं, "भीती वाटते. माझी पोरगी माझ्यापासून तुटत चाललीय, आणि का ते मला कळत नाही."

कुणी हसलं नाही. "पुढची सीट काकूंना," आरजू म्हणाली. आदिनाथ मुकाट्यानं उठायला लागला. नबीसाबनी रिक्षा कडेला घेतली.

मी उतरणार, तेवढ्यात ऋतुजानं माझी ओढणी धरली. दप्तरातून फोन काढून तिनं डब्यात टाकला.

"मला पण भीती वाटते, आई. फोन ठेवला की लगेच वाटते. म्हणून ठेवत नाही."

"कसली गं?"

"परीक्षेची. मला कुणी विचारत नाही त्याची. सगळ्याचीच." मग ती पोरांकडे वळली. "सीट नको. आई हितंच बसंल, माझ्याजवळ."

मी परत बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. नबीसाबनी रिक्षा सुरू केली आणि वायपर लावला.