गाडग्यातली चिंच

आज गाडग्यात काय, असं कुणी विचारलं की धोंडुबाई म्हणायची, "सांजच्याला कळंल." खरं सांगायचं तर सकाळी तिलाही ते ठाऊक नसायचं.

ती आटपाडीकडची धनगराची बाई. दिवाळी सरली की नवरा आकाराम, मुलगा दादासो, दीडदोनशे मेंढरं आणि बिऱ्हाड वाहणारं घोडं यांच्याबरोबर मावळतीकडं निघायची. ज्याच्या रानात मेंढरं बसतील तो शेतकरी खताच्या बदल्यात धान्य द्यायचा. पण लढाईच्या त्या वर्षांत जोंधळा सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायचा आणि शेतकरी उरलंसुरलं पुढं करायचा. कुठं पसाभर हुलगे, कुठं कण्या, कुठं अर्धा भोपळा. धोंडुबाई मिळेल ते गाडग्यात घालायची. खड्ड्यात मेंढरांच्या लेंड्या पेटवून वर गाडगं ठेवायची, झाकणाच्या कडेनं ओलं फडकं गुंडाळायची, भोवतीनं राख ओढायची आणि आपल्या कामाला लागायची. लेंड्यांचा विस्तव भडकत नाही, दिवसभर नुसता धुमसतो. मोजमाप काही नाही. मूठ सांगेल तेवढं आणि नाक सांगेल तेव्हा. तरी संध्याकाळी माणसं बोटं चाटत उठायची. याचा तिला भारी ताठा होता, आणि का नसावा?

त्या वर्षी मात्र तिचा गुडघा धरला. रहिमतपूरच्या रानात तळ पडला तेव्हा ती काठी टेकत पोचली. पुढं मेढ्याकडचे चढ होते.

"आये, तू आता घरी ऱ्हा," दादासो म्हणाला. "गुडघा लय सुजलाय. सर्व्हिस गाडीत बसवून देतो."

"आन् तुमी काय खानार? धोंडं?"

"अंजना हाय की."

अंजना ही दादासोची बायको. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिचं माहेर तासगावाकडं, शेती करून एका जागी राहणाऱ्या माणसांचं. आकारामानं निवाडा दिला: उद्या गाडगं सुनेनं लावायचं. जमलं तर धोंडुबाई घरी, नाही जमलं तर हाय तसं चालू.

घरी म्हणजे एका कुलूपबंद छपरात. चार महिने तिथं एकटीनं काय करायचं? आज काय घालू, म्हणून भिंतींना विचारायचं? धोंडुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं धुरावर ढकललं.

सकाळी अंजनानं हुलगे निवडले, धुतले, गाडग्यात पाणी घातलं आणि लिंबाएवढा चिंचेचा गोळा त्यात सोडला. कच्च्या हुलग्यात चिंच! आंबट लागलं की हुलगा काही केल्या मऊ होत नाही. धोंडुबाई हाताच्या अंतरावर बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण होऊन बिघडतंय तर बिघडू दे की! गुडघा चोळत ती दुसरीकडं बघत राहिली.

अंजना पुरुषांबरोबर मेंढरांमागं गेली. तळावर धोंडुबाई, दोन कुत्री आणि ते गाडगं. तासाभरातच तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. दिवसभर पायपीट करून माणसं येणार आणि दाताखाली खडे चावणार. शिवाय त्या पोरीचं नाक कापलं जाणार, तेही नवऱ्यासमोर. छी, हे काय आपल्या हातून होतंय!

उन्हं डोक्यावर यायच्या आत ती उठली. आंबट पाणी ओतून दिलं, हुलगे दोनदा धुतले, लवकर मऊ व्हावेत म्हणून गरम पाण्यात राखेचं निवळ पाणी पळीभर मिसळून पुन्हा चढवले. विस्तवावर लेंड्या वाढवल्या. बोटानं दाबून हुलगा चेपला तेव्हा भोपळा टाकला, आणि सगळ्यात शेवटी चिंच. आपल्याच हातानं तिनं आपली घरी जायची सोय केली होती.

दिवस मावळायला सगळे जेवायला बसले. आकारामानं एक घास घेतला, दुसरा घेतला. "सुनंला जमलं की!"

"मग आये, रविवारची गाडी," दादासो म्हणाला. धोंडुबाईनं मुकाट मान हलवली.

"मामंजी, हे मी न्हाई केलं," अंजना म्हणाली. "मी चिच आदीच घातली हुती. आत्याबाईंनी समदं निस्तरलं. माजी लाज राखली."

हे कौतुक काही धोंडुबाईला गिळवेना. "कसली लाज राखली गं! तू चिच घालताना मी बघत हुते. बघून गप बसले. तुजं बिघडावं म्हनून."

दादासो आईकडं बघतच राहिला. लाजेनं धोंडुबाईचे कान तापले.

अंजना मात्र हसायला लागली. "आवं आत्याबाई, आमच्या माहेरी बी हुलगंच पिकत्यात. चिच कवा घालायची ते मला ठावं न्हाई व्हय?"

"मग मुद्दाम घातलीस?"

"मला तुमच्याबिगर न्हाई जायाचं."

"आन् मी दिसभर जिवाला खात बसले, भवाने!" असं म्हणत धोंडुबाई हसता हसता रडायला लागली.

आकारामानं ताटली पुसून घेतली. "दादासो, सकाळी घोड्यावरचं वझं उतरीव," तो म्हणाला.

मेढ्याचा चढ त्या वर्षी धोंडुबाई घोड्यावर बसून चढली. गाडगं अंजनाच्या डोक्यावर होतं.